हालिआची ओ

अमेरिकेतल्या त्या ओसाड खोऱ्यात आता गाव उरलेले नाही. तारेच्या कुंपणात काही थडगी आहेत आणि कुंपणाला एक फाटक. फाटकाला कुलूप नाही, तरी येणारा बाहेरच थांबतो आणि हाक मारतो. असे का, ते तिथली जुनी माणसे हालिआ नावाच्या बाईपासून सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी हवाई बेटांवरचे काही भाविक, आपल्या नव्या धर्माच्या मोठ्या मंदिराजवळ राहावे म्हणून समुद्र ओलांडून आले. मंदिराच्या शहराने त्यांना जवळ केले नाही. वाट्याला आले हे वाळवंट. बेटांवरची रीत अशी, की परक्या भूमीच्या वेशीवर गाऊन परवानगी मागायची आणि आतून ओ आली तरच पाऊल टाकायचे. त्यांनी हाक दिली. ओस खोऱ्यातून ओ कोण देणार? बर्फ भुरभुरू लागले. हालिआच्या कडेवर तापाने फणफणलेली पुआ होती. लेकीपायी तिला धीर धरवला नाही. ती तशीच आत शिरली, मागोमाग सगळे.

त्याच हिवाळ्यात पुआ गेली. लोकांनी थंडीला बोल लावला, हालिआने स्वतःच्या पावलांना.

पुढे पाटाचे पाणी आले, झाडे जगली, माणसे रुळली. मग बातमी आली, की बेटांवरच मंदिर उभे राहतेय. जो तो गाठोडी बांधू लागला. हालिआला तर रोज स्वप्नात समुद्र दिसे आणि जागी झाल्यावर ओठ खारट लागत म्हणे.

“आई, चल. समुद्र बघायचाय ना तुला?” तिचा मुलगा काइमाना म्हणाला.

“बघायचाय रे. पण उद्या कुणी पुआला भेटायला आलं, तर ओ कोण देईल? तू जा.”

ती एकटी राहिली.

बऱ्याच वर्षांनी काइमाना बायकामुलांना घेऊन परतला. फाटकाशी त्याने गाऊन हाक दिली आणि आतून आईची ओ आली, स्वच्छ, तिच्याच सुरात. तो धावत आत गेला. थडग्याजवळची तिची झोपडी कधीच कोसळली होती. पुआशेजारी दुसरे थडगे होते, त्यावर जुने गवत. मेंढपाळांनी म्हातारीला केव्हाच माती दिली होती. तो तिथे बसून पोटभर रडला. बाहेर बायकोमुले हाका मारून थकली. त्यांना आतून ओ ऐकू येईना. तेव्हा त्याने डोळे पुसले आणि आईच्या जागी उभे राहून ओ दिली.

आजही आत गेलेला माणूस मागून येणाऱ्याला ओ देतो. फाटकाशी कुणाला ताटकळत ठेवत नाहीत. सगळ्यांत आधी येणाऱ्याला ओ कोण देते, असे विचारले तर म्हातारी माणसे म्हणतात, एकदा पहाटे एकटे येऊन उभे राहा.