ठमी उंदरी आणि न पडणारी ठिणगी

एक होती उंदरी. तिचं नाव ठमी. बोटाएवढी ठमी, दोऱ्याएवढी शेपटी. अंगणाच्या उतारावर तिचं बीळ. बिळात तिची तीन गुलाबी बाळं.

सकाळी ठमी दाणा शोधायला गेली. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय, बिळाचं दार गायब. दारावर चाक. चाकावर ट्रॅक्टर. भानाकाकाचा जुना लाल ट्रॅक्टर. तो सुरू होईना, म्हणून चार जणांनी उतारावरून ढकलला. तरी सुरू झाला नाही. आणि थांबला तो नेमका ठमीच्या दारावर. एवढं मोठं अंगण, पण नाही.

ठमीनं माती उकरली. खाली कडक मुरूम. नखं दुखली. आतून आवाज आला, "चीं चीं. आई, भूक."

भानाकाका हँडल मारत होता. घर्र घर्र, फुस्स. घर्र घर्र, फुस्स. "आता काय करू या डबड्याचं?" असं म्हणून तो कडुनिंबाखाली जाऊन बसला.

मग ठमीच निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ठमी गेली चाकाकडे. "चाका चाका, सरक. माझी बाळं उपाशी."

चाक म्हणालं, "मी नाही सरकत जा. इंजिन फिरू दे, मग सरकेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठमी गेली इंजिनाकडे. "इंजिना इंजिना, फिर. चाक सरकत नाही, माझी बाळं उपाशी."

इंजिन म्हणालं, "मी नाही फिरत जा. प्लगला ठिणगी पाडू दे, मग फिरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठमी गेली प्लगकडे. "प्लगा प्लगा, ठिणगी पाड. इंजिन फिरत नाही, चाक सरकत नाही, माझी बाळं उपाशी."

प्लग आधीच वैतागलेला. "काकानं मला चारदा काढलं, चारदा पुसलं, चारदा बसवलं. माझं मेलं काही चुकलेलंच नाही. मी नाही ठिणगी पाडत जा. वायरीला वीज आणू दे, मग पाडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठमी गेली वायरीकडे. "वायरी वायरी, वीज आण. प्लग ठिणगी पाडत नाही, इंजिन फिरत नाही, चाक सरकत नाही, माझी बाळं उपाशी."

वायर म्हणाली, "मी नवी कोरी. पण वीज नसेल तर आणू कुठून? मी नाही वीज आणत जा. मॅग्नेटोला वीज करू दे, मग आणेन."

मॅग्नेटो म्हणजे वीज करणारा काळा डबा. गोल गोल, गप्प गप्प.

तुरुतुरु, तुरुतुरु. ठमी गेली मॅग्नेटोकडे. "मॅग्नेटोबाबा, मॅग्नेटोबाबा, वीज करा. वायर वीज आणत नाही, प्लग ठिणगी पाडत नाही, इंजिन फिरत नाही, चाक सरकत नाही, माझी बाळं उपाशी."

मॅग्नेटो म्हणाला, "मी नाही वीज करत जा. माझ्या पोटात दोन पॉइंट आहेत. त्यांना उघडमीट करू दे, मग करेन."

ठमीनं कपाळावर हात मारला. पण करते काय? फटीतून आत शिरली.

आत दोन पॉइंट. इवल्या इवल्या ओठांसारखे. ठमी म्हणाली, "पॉइंटांनो पॉइंटांनो, उघडमीट करा. मॅग्नेटो वीज करत नाही, वायर वीज आणत नाही, प्लग ठिणगी पाडत नाही, इंजिन फिरत नाही, चाक सरकत नाही, माझी बाळं उपाशी."

पॉइंट म्हणाले, "म्म म्म."

"काय म्हणता?"

"म्म म्म. तोंडात कुंकू."

ठमीनं वाकून पाहिलं. खरंच की. लाल लाल कुंकू, पिवळी पिवळी हळद. काल खंडेनवमी झाली. घरातल्या कोयत्याची पूजा, कुदळीची पूजा, ट्रॅक्टरची पूजा. भानाकाकानं ट्रॅक्टर धुतला, डब्याचं झाकण काढून ठेवलं. हौसाकाकू आली ताट घेऊन. तिनं चाकाला कुंकू लावलं, दिव्याला लावलं, आणि उघड्या डब्यातही बोटभर लावलं. मग काकानं न बघता झाकण लावून टाकलं.

पॉइंट म्हणाले, "म्म म्म. आम्ही नाही उघडमीट करत जा. काकूला कुंकू पुसू दे, मग करू."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठमी गेली स्वयंपाकघरात. हौसाकाकू पुरणपोळी लाटत होती. काकूचं बाळ झोळीत झोपलं होतं.

ठमीनं मोठा श्वास घेतला. "काकू काकू, कुंकू पूस. पॉइंट उघडमीट करत नाहीत, मॅग्नेटो वीज करत नाही, वायर वीज आणत नाही, प्लग ठिणगी पाडत नाही, इंजिन फिरत नाही, चाक सरकत नाही, माझी बाळं उपाशी."

काकू म्हणाली, "पूजेचं कुंकू मी नाही पुसायची. आज दसरा, आज तर मुळीच नाही."

झालं. आता पुढं जायचं कुणाकडे? पुढं कुणीच नव्हतं.

ठमी मटकन खाली बसली. तिला रडू आलं. त्याहून जास्त राग आला. "ह्याला हे पाहिजे, त्याला ते पाहिजे. प्रत्येकाला काहीतरी पाहिजेच. माझ्या बाळांना फक्त आई पाहिजे."

तेवढ्यात झोळी हलली. "ट्यांहा, ट्यांहा." काकूनं लाटणं टाकलं, हात पुसले, बाळाला उचललं. बाळ तिला बिलगलं आणि गप्प झालं. काकूनं ठमीकडे पाहिलं.

"किती बाळं तुझी?"

"तीन."

"कधीपासून उपाशी?"

"सकाळपासून."

काकू बाळाला घेऊन तशीच उठली. "पुसायची नाहीच मी," ती म्हणाली. "पण पूजेचं कुंकू कपाळाला लावायला कुणाची ना आहे?"

अंगणात येऊन काकूनं मॅग्नेटोच्या डब्याचं झाकण उघडलं. आधी नमस्कार केला. मग बोटानं कुंकू उचललं. थोडं स्वतःच्या कपाळाला. थोडं बाळाच्या. थोडं बघायला आलेल्या भानाकाकाच्या. आणि मोहरीएवढं ठमीच्या. उरलेली हळद कोरड्या पदरानं टिपली. फू फू.

भानाकाका बघतच राहिला. "कुंकू? आत? अगं, मी सकाळपासून प्लग काढतोय."

"मग झाकण लावताना बघायचं," काकू म्हणाली.

काका हँडल मारायला लागला. घर्र घर्र, घर्र घर्र.

पॉइंट उघडमीट करू लागले, टिक टिक.
मॅग्नेटोनं वीज केली, झूं झूं.
वायरीनं वीज आणली, सुर्र सुर्र.
प्लगनं ठिणगी पाडली, चट चट.
इंजिन फिरलं, धडधड धडधड.
चाक सरकलं, गुडगुड गुडगुड.

आणि दार उघडलं.

ठमी आत पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. एक बाळ, दोन बाळं, तीन बाळं. तिन्ही आईच्या पोटाशी शिरली. चुटुचुटु दूध पिऊ लागली.

पिता पिता धाकटं म्हणालं, "आई, एवढा वेळ कुठं होतीस गं?"

ठमीनं तोंड उघडलं. चाक, इंजिन, प्लग, वायर, सगळं ओठांवर आलं. मग तिनं तोंड मिटलं. तिन्ही बाळांवरून शेपटी पांघरली.

"आले ना आता," ती म्हणाली. "तू पी."

सात नकारांची गोष्ट एका होकारात संपली. ऐकणाऱ्यांची पोटं भरोत आणि डोळे मिटोत.