टाचेचा ठिपका

“मग ती अडखळली कुठं?” बाईंनी विचारलं.

सौमित्र घाणेकर गोंधळला. कौतुकाची वाट बघत बसलेल्या माणसाच्या कानात प्रश्न लवकर शिरत नाही.

“कोण, बाई?”

“रेवती. सकाळी इथं चालून गेली ती.”

इस्पितळाच्या मागच्या अंगाला असलेली ही प्रयोगशाळा माणसांची चाल मोजायची. सांध्यासांध्यावर चकचकीत गोळ्या चिकटवायच्या आणि भिंतींवरच्या कॅमेऱ्यांसमोरून माणसाला चालवायचं. मग संगणकाच्या पडद्यावर माणूस उरत नाही, नुसते ठिपके चालतात. एखादी गोळी झाकली गेली की तिचा ठिपका विझतो. विझलेल्या जागा भरायच्या, भरकटलेले ठिपके जागेवर आणायचे, हे इथलं काम.

अरुंधतीबाई केळसकरांचे केस या कामात पांढरे झाले होते. सौमित्र त्यांचा शिष्य. हाताचा चपळ, आणि आपण चपळ आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. आजचा अहवाल बाईंना पटला, की पुढं त्याला एकट्यानं सही करायची मुभा मिळणार होती.

आणि दुपारी डॉक्टर त्याच अहवालावरून ठरवणार होते. नऊ वर्षांच्या रेवतीच्या उजव्या टाचेमागची आखडलेली शीर सैल करायची, हे नक्की होतं. डाव्या पायाचीही करायची का, एवढाच प्रश्न होता.

“करायलाच हवी,” सौमित्र म्हणाला. “डावी टाचसुद्धा पावलागणिक उचलली जाते. आणि बघा ना बाई, एकही ठिपका विझलेला नाही. लोण्यासारखी चाल झालीय.”

“झालीय खरी. पण हे लोणी कुणी काढलं? तिनं की तू?”

सौमित्र हसला. बाई हसल्या नाहीत.

“एका पावलाला डाव्या टाचेचा ठिपका गेला होता,” तो म्हणाला. “तिची आई, दुसरं कोण! बजावून सांगितलं होतं, ताई, चालायच्या पट्टीवर यायचं नाही. पोर जरा डगमगली की धावल्याच. साडीच्या निऱ्या मधे आल्या, टाच झाकली. मी मागच्या पावलातली टाच उचलून तिथं बसवली. जोड दिसतोय का कुठं?”

“नाही.”

“मग?”

“म्हणून तर विचारलं. अडखळली कुठं?”

…

बाईंनी त्याची बसवलेली टाच पुसून टाकली. मग ठिपक्यांना जोडणाऱ्या, सांगाडा दाखवणाऱ्या रेघाही काढल्या. काळ्या पडद्यावर नुसते ठिपके उरले.

“बघ.”

“टाचच नाही, बाई. काय बघू?”

“आहे ते बघ.”

ठिपके चालू लागले. सौमित्रचे डोळे टाच विझली त्या जागेवरच खिळले. काळोख. पुढच्या पावलाला टाच परत उगवली. संपलं.

“काही नाही,” तो म्हणाला.

बाईंनी चाल मागं नेली आणि त्याच्या डोळ्यांसमोर आडवा तळवा धरला, पडद्याचा खालचा भाग झाकेल असा.

“आता बघ.”

आता त्याला फक्त डोकं, खांदे आणि कंबर दिसत होती. ते ठिपके येत होते, मुलीच्या चालीनं, हेलकावत. मग सगळे एकदम थबकले. उजव्या पायाचा अंगठा फरशीत अडकला असणार. सौमित्र ते खाली कोसळायची वाट बघत राहिला. पडणारं माणूस खालीच जातं.

डोकं वर गेलं.

दोन्ही खांदे वर गेले. कंबर वर गेली. अख्खी रेवती सावकाश वर उचलली गेली, तिथं क्षणभर थांबली, आणि अलगद खाली आली. पुढं चालू लागली.

“आईनं उचललं तिला,” सौमित्र म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

“आईनं कुठं धरलं असतं?”

“दंडाला. नाहीतर बगलेत.”

“शोध.”

त्यानं शोधलं. दंड ओढला गेला नव्हता. खांदे दोन्ही सारखेच वर गेले होते, एकही कलला नव्हता. आईचा हात पोचलाच नव्हता.

बाईंनी तळवा काढला.

त्यानं पुन्हा बघितलं. उजवा अंगठा अडकला होता, डावी टाच काळोखात होती, आणि ती न दिसणारी टाच उचलून सबंध पोर चवड्यावर उभी राहत होती. खाली मोकळ्या झालेल्या जागेतून उजवा पाय सुटून पुढं जात होता.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं. एवढ्या वर उठलेल्या देहाखाली सौमित्रनं दुसऱ्याच पावलातली, जेमतेम उचललेली टाच बसवली होती. आणि जोड दिसत नाही म्हणून खूश होता.

“बाई…”

“हं.”

“हा डावा पाय आजारी नाही. पावलागणिक टाच उचलून उजव्याला वाट करून देतोय.”

बाईंनी चाल पुन्हा सुरुवातीपासून लावली.

“याचीही शीर सैल केली असती, तर उद्या अंगठा अडकल्यावर ती…”



सौमित्रनं फोन उचलला. “सर, डाव्या पायाचं आज ठरवू नका. रेवतीला परत चालवून बघायला हवं. चूक माझी आहे.”

“अरे, मघाशी तर छान झालंय म्हणालास!” पलीकडून डॉक्टर वैतागले.

“हो सर. फारच छान झालं होतं.”

फोन ठेवून तो पडद्याकडं वळला. टाच नसलेली रेवती तिथं चालत होती.

“डोक्याच्या उंचीवरून हिशोब करून ही टाच बसवू का, बाई? येईल मला.”

“येईल की.”

त्याचा हात माउसवर गेला, तिथं थांबला… आणि मांडीवर परत आला.

“की रिकामीच ठेवू? पण अहवालात भोक दिसेल.”

“दिसू दे,” बाई म्हणाल्या. “ती तिथूनच चालत आलीय.”