सुक्या वेलींचं झाड

डोंगरावरच्या गरम कुंडात डुंबलं की गुडघे बरे होतात, असं तुम्हीही ऐकलंय ना? फार वर्षांपूर्वी एक सायाळ तेच ऐकून गव्याच्या पाठीवर बसून वर आली. पावसाआधी तिला नवं बीळ खणायचं होतं आणि गुडघे वाकत नव्हते. आठवडाभर डुंबूनही ते वाकले नाहीत.

कुंडाचा मालक मुंगूस म्हणाला, "मावशी, जरा श्रद्धा ठेवा. बरा झालेला प्रत्येक जण त्या उंबराला हिरवी वेल बांधून जातो. बघा, फांदी दिसत नाही."

"आणि बरे न झालेले कुठे बांधतात?"

"त्यांना झाड कशाला लागतंय?"

सायाळीने शेजारच्या जांभळाला सुकी वेल बांधली. पंधरा दिवसांत तेही झाड झाकून गेलं. वेल बांधणाऱ्या प्रत्येकाला ती विचारत राहिली. हिरवी बांधणारे डोंगर पायी चढून आले होते, सुकी बांधणारे गव्यावर बसून.

"म्हणजे औषध पाण्यात नाही, वाटेत आहे," ती म्हणाली.

मुंगसाने मान डोलावली. "पुरावा म्हणजे पुरावा, मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायाळ पायीच डोंगर उतरायला निघाली, तेव्हा वाटेच्या तोंडाशी मुंगसाने पाटी लावली होती: 'औषधी वाट. गव्यावर बसून जाण्याची सोय आहे.'