कोतवालाचा वाटा

फार पूर्वी एका डोंगरातले प्राणी आपल्या अन्नातला थोडा वाटा कोतवाल पक्ष्याला देत. कोतवाल रानभर फिरे आणि रोज सकाळी उंच सावरीच्या झाडाच्या शेंड्यावरून सगळ्यांना खबर सांगे.

पुढे रानात राघू आले. ते दारोदार जाऊन ज्याला जे आवडेल तेवढंच सांगू लागले. सावरीखाली कुणी फिरकेना. तेव्हा अस्वलदादाने सभा बोलावली.

"मी कोतवालाचं ऐकतच नाही, मग वाटा का देऊ?" तो म्हणाला.

डोळ्यांनी अधू असलेली साळिंदर, साळूमावशी, पुढे आली. तोंडातली कंदमुळं खाली ठेवून तिने सभेतल्या एका राघूला विचारलं, "राघू, तू माझ्या कपारीकडे का येत नाहीस?"

"तिथे फळझाड कुठे आहे?" राघूने सांगून टाकलं.

"कोतवालाचा आवाज मात्र तिथे पोचतो. मी वाटा देणारच. अस्वलदादा, तुम्ही नका ऐकू, पण तो बोलता राहिलाच पाहिजे."

कोतवाल म्हणाला, "उद्यापासून मीही दारोदार येईन. पण सगळ्यांना सारखंच सांगेन, आणि खरं तेच सांगेन."

एकेकाने वाटा ठेवला. अस्वलदादानेही कुरकुरत मधाचं पोळं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कोतवालाने घरोघर खबर दिली, "अस्वलदादाने काटे टाकून पाणवठ्याची वाट अडवली आहे."

अस्वलदादा खवळला. "माझंच पोळं खातोस आणि माझ्याविरुद्ध बोलतोस?"

"हो," कोतवाल म्हणाला आणि पुढच्या दाराकडे उडाला.

दुपारी अस्वलदादाने काटे उचलले. पुढच्या वाट्याच्या दिवशी त्याने पोळंही आणून ठेवलं. कोतवालाशी मात्र तो बोलला नाही.