अमृत काढून टाकलेला खेळ

एका गावात एक गुरुजी होते आणि त्यांच्या गळ्यात एक शिट्टी होती. गुणवंत गुरुजी त्यांचं नाव. पहिली-दुसरीच्या पोरांना अक्षरं तेच शिकवत आणि खेळाचा तासही त्यांच्याकडेच असे. पोरं एवढीएवढीशी, कुणाच्या चड्डीची नाडी सुटलेली, कुणाचं नाक वाहतंय. पण शिट्टी ओठांत धरली की गुरुजी स्वतःला सेनापतीच समजत.

त्या गावची पोरं विष-अमृत खेळत. ज्याच्यावर राज्य असेल तो बाकीच्यांमागे पळतो. त्याने शिवलं की विष लागलं. त्या पोराने जागच्या जागी बसायचं. मग एखाद्या सोबत्याने धावत यायचं, त्याच्या डोक्याला हात लावून 'अमृत!' म्हणायचं, की ते पोर उठून पुन्हा पळायला मोकळं. हा खेळ संपता संपत नाही. पोरांना तेच हवं असतं.

गुरुजींना मात्र ते खपेना. तालुक्याच्या स्पर्धेत ढाल जिंकायची तर चपळ पोरं हेरायला हवीत, आणि या खेळात कोण जिंकलं तेच कळत नव्हतं. म्हणून त्यांनी खेळातलं अमृतच काढून टाकलं. विष लागलं की बाद. बाद झालेल्याने चिंचेखाली जाऊन तास संपेपर्यंत गप्प बसायचं.

पहिलीत सुगंधा नावाची मुलगी होती. तिची आई भागीरथी गावोगाव बांगड्या विकायची. सुगंधा अंगाने जड होती, पायाने मंद होती, पण पळायची हौस दांडगी. शिट्टी वाजली की हसत सुटायची आणि सगळ्यांत आधी बाद व्हायची. मग चिंचेखाली. जिने सगळ्यांत जास्त पळायला हवं होतं, तीच सगळ्यांत कमी पळत होती. इतकी साधी गोष्ट शिकवणाऱ्याच्या लक्षात येऊ नये, याची चीड येते.

एकदा मल्हारी नावाच्या मुलाला तिची दया आली. तो वर्गात सगळ्यांत चपळ. पळतापळता तो चिंचेखाली गेला, सुगंधाच्या डोक्याला हात लावून ओरडला, "अमृत!" सुगंधा टुणकन उठली. तेवढ्यात शिट्टी कडाडली. गुरुजींनी मल्हारीला कान धरून उठाबशा काढायला लावल्या. "पुन्हा कुणी अमृत दिलं तर तोही बाद!" ते म्हणाले. त्यानंतर कुणीच कुणाला अमृत दिलं नाही.

सुगंधा घरी तुळशीभोवती पळायचा सराव करायची. ते बघून भागीरथी एके दिवशी डोक्यावरची टोपली उतरवून शाळेच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, पोर माझी रोज खेळल्याबिगार घरी येती. तिलाबी पळू द्या की जरा."

"अहो, तिला पळताच येत नाही. तिला काय पळवू?"

"तिला अक्षरबी येत नव्हतं, गुरुजी. ते तुम्हीच शिकवलंत न्हवं?"

बाईचं म्हणणं गुरुजींना पटलं होतं, हे लक्षात ठेवा. पण डोळ्यांपुढे ढाल होती. सगळ्या पोरांना पळवत बसलं तर मल्हारीसारख्यांची तयारी कधी करून घेणार? ते म्हणाले, "वाचन वेगळं, खेळ वेगळा. खेळ रक्तातच असावा लागतो." भागीरथीने टोपली उचलली आणि ती निघून गेली.

त्या वर्षी ढाल आली. हलगी वाजली, गुलाल उधळला, गुरुजींच्या गळ्यात हार पडला. सुगंधाने मात्र एक नवी युक्ती शोधली होती. पळून धापा टाकत पकडलं जाण्यापेक्षा, शिट्टी वाजताच ती स्वतःच राज्यवाल्यापुढे जाऊन उभी राहायची. लवकर बाद झालं की कुणी हसत नाही. तिचं बघून आणखी कितीतरी पोरं तसंच करू लागली. चिंचेखाली गर्दी वाढली आणि मैदान मोकळं झालं. "आता कशी शिस्त लागली!" असं गुरुजी कौतुकाने म्हणायचे.

घरी तुळशीभोवतीचं पळणंही थांबलं. भागीरथीने विचारलं, "का गं, आज पळायचं न्हाई?"

"शाळेत लागत न्हाई ते," सुगंधा म्हणाली.

पुढे एके दिवशी तालुक्याचे साहेब शाळा बघायला आले. गुरुजी ढाल काढायला कपाटाकडे धावले. साहेब म्हणाले, "ढाल नंतर बघू, गुरुजी. आधी सगळी मुलं खेळताना दाखवा. विष-अमृत खेळू दे त्यांना. लहानपणी मी फार खेळलोय."

यातलं अमृत मी काढलंय, हे साहेबांना सांगायची गुरुजींची छाती झाली नाही. शिट्टी वाजली. सुगंधा चालत गेली, विष लावून घेतलं आणि चिंचेकडे निघाली.

"अगं, तिकडे कुठे? तिथेच बस," साहेब म्हणाले. "अरे, हिला अमृत द्या कुणीतरी!"

कुणी हललं नाही. मल्हारी तिच्या अगदी जवळ उभा होता.

"काय रे, तू तर शेजारीच आहेस. दे की!"

"तिला देऊन काय उपयोग, साहेब? ती परत बादच होणार," मल्हारी म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. पाढा म्हणावा तसं त्याने ते सांगितलं. गुरुजींनी मान खाली घातली.

साहेब स्वतः पुढे झाले. त्यांनी सुगंधाच्या डोक्यावर हात ठेवला. "अमृत! ऊठ बाळ, पळ!"

सुगंधा उठली. तिने मैदानाकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

"नको साहेब," ती म्हणाली. "मी आले की खेळ बिघडतो."

आणि ती चिंचेखाली आपल्या जागेवर जाऊन बसली.

तात्पर्य: ज्याला जमत नाही, शिकवायचं त्यालाच असतं. त्याला कडेला बसवणारा गुरुजी नुसता त्याचा खेळ काढून घेत नाही, त्याचा स्वतःवरचा विश्वासही काढून घेतो. आणि तो विश्वास एकदा गेला की कितीही मोठ्या साहेबाला परत देता येत नाही.