तालमीचं कुलूप

फार पूर्वी एका डोंगरावर एक विद्यापीठ होतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी पहाटे तालमीत घाम गाळायचा आणि मगच पोथी उघडायची, असा रिवाज होता.

मग नवे कुलगुरू आले. मोठे विद्वान, पण चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. त्यांनी आल्याआल्या तालमीला कुलूप ठोकलं.

"दंडबैठका काढून कोणी पंडित झालाय का? तेवढ्या वेळात पाठांतर होईल!"

सर्वांत हुशार विद्यार्थी हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तालमीतून आलो की डोकं ताजं असतं. पाठ लवकर होतं."

"आता तू मला शिकवणार? बस खाली आणि वाच!"

तो बसला. सगळेच बसले. पहाटेची हजेरी पोथीपुढे लागू लागली. थोड्याच दिवसांत पोरं पोथीवर पेंगायला लागली. एकदा वाचून पाठ होणारं पुन्हापुन्हा वाचूनही डोक्यात शिरेना. कुलगुरूंनी यावर उपाय काय काढावा? वाचनाचा वेळ आणखी वाढवला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वर्षअखेरीस राजवाड्यात शास्त्रार्थ होता. जिंकणाऱ्याला दरबारी पंडिताची जागा मिळायची. त्या हुशार विद्यार्थ्याने लहानपणापासून तेवढं एकच स्वप्न पाहिलं होतं. नियम जुना होता: सूर्य मावळेपर्यंत उभ्याने वाद करायचा, जो बसला तो हरला. हा नियम कुलगुरूंना चांगला ठाऊक होता, हे विशेष!

सकाळी त्याने समोरच्याचा एकेक मुद्दा खोडून काढला. दुपारी त्याचे पाय थरथरू लागले, तोंडपाठ श्लोक अडखळू लागले. ऊन कलताना तो मटकन खाली बसला. जागा दुसऱ्याला गेली.

कुलगुरू भर दरबारात ओरडले, "अभ्यास कमी पडला तुझा!"

विद्यार्थ्याला संताप आला. का येऊ नये? तो म्हणाला, "गुरुजी, उत्तर येत होतं. उभं राहता येत नव्हतं. आणि कुलूप तुम्ही लावलं होतंत."

राजा कुलगुरूंना म्हणाला, "याला उत्तर द्या. उभ्याने."

कुलगुरू उठले, दोन शब्द बोलले आणि धापा टाकत आसन शोधू लागले.

तालीम दुसऱ्याच दिवशी उघडली. पोराची गेलेली जागा मात्र परत आली नाही.

तात्पर्य, राग आवरून सांगायचं तर: ज्या शरीराच्या जिवावर डोकं चालतं, ते खिळखिळं करून वर पोरांनाच 'ढ' म्हणू नका. आधी तालमीचं कुलूप काढा.