मैफलीआधीचं खोटं

राजवाड्यात अजून झुंबरं पेटत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. दसऱ्याच्या मैफलीत गायिका अंबूबाईंच्या आधी खुद्द राजेसाहेब बेसूर गायचे आणि दरबारी 'वाहवा' करत माना डोलवायचे. एकदा त्यांनी विचारलं, "अंबूबाई, कसं झालं आमचं गाणं?"

 खरं बोलावं तर अंबूबाईंचा दरबार सुटणार. तंबोरा जुळवत त्या म्हणाल्या, "सरकार, खोटं बोललं की माझा सूर लागत नाही. अजून गायचंय मला. उत्तर उद्या दिलं तर चालेल?"

 राजेसाहेब हसले आणि उठून आपली बैठक त्यांनी अंबूबाईंना दिली.

राजेसाहेब गेले, झुंबरं विझली. पण कुणी तोंडपुजेपणा करू लागला, की तिथली म्हातारी माणसं अजून विचारतात, "काय रे, आज गायचं नाही वाटतं?"